एचडीएमआय केबल, स्विच आणि स्प्लिटर: खोक्यावर काय छापलंय आणि आत काय चालतं

आधी निकाल. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स किंवा स्ट्रीमिंग स्टिक यांच्यात दोन मीटरच्या आतलं अंतर असेल, तर ‘प्रीमियम हाय स्पीड’ लेबलची साधी तांब्याची केबल घ्या आणि विषय संपवा. गेमिंग कन्सोल ४के आणि १२० हर्ट्झवर चालवायचा असेल तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लागेल. पण प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्सच्या खोक्यात ती आधीच असते, वेगळी घेऊ नका. प्रोजेक्टर पंधरा मीटरवर असेल तर ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणारी केबल. एका बॉक्सचं चित्र दोन टीव्हींना वाटणारा स्प्लिटर नाइलाज असेल तरच. आणि एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर शाळेच्या प्रेझेंटेशनपुरता ठीक आहे, त्यावर सिनेमाची स्वप्नं पाहू नयेत.

पुण्यातल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलात की दुकानदार विचारतो, “साधी देऊ की ४के?” या प्रश्नातच गोम आहे. ‘४के’ म्हणजे एकच ओझं नव्हे. त्याच केबलवरून ४के सिनेमा सुरळीत चालतो आणि ४के क्रिकेट अडखळतं, असं होऊ शकतं. का, ते आकड्यांतच दिसतं.

४के चित्रात ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात. पण तारेवरून जाताना प्रत्येक ओळीच्या आणि फ्रेमच्या शेवटी थोडी मोकळी जागा सोडलेली असते, त्यामुळे हिशेब ४४०० गुणिले २२५० असा धरायचा. सेकंदाला ६० फ्रेम म्हटल्यावर ५९.४ कोटी ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा मिळून २४ बिट. शिवाय एचडीएमआय २.० पर्यंतच्या जुन्या पद्धतीत दर ८ बिटांसाठी तारेवर १० बिट पाठवावे लागतात. गुणाकार केला की सेकंदाला १७.८२ गिगाबिट येतात. २०१३ साली आलेल्या एचडीएमआय २.० ची मर्यादा १८ गिगाबिट. म्हणजे गाडी दारातून आत जाते, पण आरसे मिटून.

आता हाच सिनेमा २४ फ्रेमचा असेल आणि बॉक्सनेही तो २४ फ्रेमनेच सोडला, तर ओझं निम्मं, ८.९१ गिगाबिट. २००६ पासूनच्या १०.२ गिगाबिटवाल्या ‘हाय स्पीड’ केबलवर ते आरामात बसतं. गडबड अशी की बहुतेक स्ट्रीमिंग स्टिक सगळं काही ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमने, पाठवतात. सेटिंगमध्ये मूळ फ्रेमरेटशी जुळवून घेण्याचा पर्याय असतो. तो सुरू केला की जुन्या केबलवरचे निम्मे त्रास मिटतात, आणि कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा चित्राला बसणारा बारीक झटकाही जातो. डीटीएचच्या एचडी बॉक्सचं तर काहीच ओझं नाही. आपल्याकडची एचडी वाहिनी १०८०आय, ५० हर्ट्झ; तारेवर जेमतेम २.२३ गिगाबिट. त्यासाठी बॉक्ससोबत फुकट आलेली केबल पुरे. तिथे महागडी केबल लावून चित्र सुधारलं असं कुणी सांगितलं, तर ऐकून घ्यावं आणि पुढे जावं.

एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा आवाका वाढवलेलं चित्र, आलं की गणित बदलतं. तिथे रंगाला ८ ऐवजी १० बिट लागतात, म्हणजे ६० फ्रेमला २२ गिगाबिटच्या वर. ते १८ मध्ये मावत नाही. मग बॉक्स रंगाची माहिती पातळ करतो: ४:४:४ ऐवजी ४:२:२ किंवा ४:२:०. उजेड-सावली पूर्ण, रंग मात्र शेजारच्या दोन किंवा चार ठिपक्यांना मिळून एकच. सिनेमात हे दिसत नाही, कारण आपला डोळा रंगाच्या बारकाव्यांत आळशी आहे, आणि डिस्कवर किंवा स्ट्रीमिंगमध्ये सिनेमा मुळात ४:२:० मध्येच येतो. पण टीव्हीला लॅपटॉप जोडून एक्सेल उघडली की निळ्या पार्श्वभूमीवरची बारीक लाल अक्षरं फिसकटलेली दिसतात. तो केबलचा दोष नाही. ठिपक्यांची संख्या किंवा फ्रेमरेट कमी करा, नाहीतर ८ बिटवर या. अक्षरं कोरीव होतील.

केबल घेताना आवृत्तीचा आकडा बघूच नका. २.०, २.१ हे आकडे उपकरणांच्या नियमावलीचे. केबलचा दर्जा वेगळ्या नावांनी ठरतो. ‘हाय स्पीड’ म्हणजे १०.२ गिगाबिट, ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे १८, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८. २०२५ मध्ये एचडीएमआय २.२ सोबत ९६ गिगाबिटची ‘अल्ट्रा९६’ जाहीर झाली, पण आज घरातल्या टीव्हीसाठी तिच्यामागे धावायचं कारण नाही. प्रीमियम आणि अल्ट्रा केबलच्या खोक्यावर होलोग्राम आणि क्यूआर कोड असलेलं प्रमाणन-लेबल असतं. एचडीएमआयवाल्यांचं स्वतःचं केबल सर्टिफिकेशन ॲप फोनमध्ये घ्या, काउंटरवरच स्कॅन करा; ॲपने दाखवलेला ब्रँड आणि लांबी खोक्याशी जुळली पाहिजे. साध्या कॅमेऱ्याने स्कॅन करून कुठलीशी वेबसाइट उघडली, याला तपासणी म्हणत नाहीत.

खोक्यावरच्या इतर घोषणांचं काय? ‘८के’ हा शब्द लेबलशिवाय असेल तर ती नुसती शाई. ‘२४ कॅरेट गोल्ड प्लेटेड’ने चित्रात फरक पडत नाही, सोनं गंजत नाही एवढाच त्याचा गुण, आणि रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत तो थोडाफार कामाला येतो. सगळ्यात मजेशीर दावा ‘एचडीसीपी २.२ सपोर्टेड केबल’ हा. एचडीसीपी म्हणजे कॉपी-संरक्षण, आणि केबलमध्ये त्या नावाचं काही नसतंच. ती ओळखपरेड दोन टोकांच्या चिपांमध्ये होते. साधी केबल हा मधला रस्ता. रस्त्याला पासपोर्ट लागत नाही.

लांबीचा मुद्दा मात्र खरा. साध्या तांब्याच्या केबलने १८ गिगाबिट पाच मीटरपर्यंत, ४८ गिगाबिट तीनेक मीटरपर्यंत नेणं व्यवहार्य. त्यापुढे तार जाड हवी. केबलवर २८ किंवा ३० एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप) छापलेलं असतं. आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. दोन मीटरला ३० चालते, पाच मीटरला २४ ते २६ बघा. गालिच्याखालून घालायच्या चपट्या केबलबद्दल आमचं मत वाईट आहे. आतल्या जोड्यांचा पीळ आणि अंतर कायम राहिलं तरच १०० ओहमचा अवरोध टिकतो. चपट्या बांधणीत, त्यातही दुमडलेल्या ठिकाणी, तो बिघडतो. १०८०पी पर्यंत चालते, ४के ६० ला रडते.

रडते म्हणजे काय, तेही ओळखता आलं पाहिजे. १८ गिगाबिटपर्यंतच्या जुन्या पद्धतीत केबल कमी पडली की काळ्या भागात पांढऱ्या चांदण्या लुकलुकतात, मग आडव्या रेघा येतात, मग चित्र क्षणभर जाऊन परत येतं. चांदण्या दिसल्या की लांबी किंवा केबलचा दर्जा, दुसरं काही शोधू नका. ४८ गिगाबिटच्या नव्या पद्धतीत चूक-दुरुस्ती आत बसवलेली असल्याने चांदण्या दिसत नाहीत: एक तर चित्र स्वच्छ, नाहीतर उपकरणं आपसात ठरवून वेग खाली आणतात, किंवा पडदा काळा. पूर्ण चित्र हिरवट-गुलाबी झालं तर बहुतेक वेळा एका टोकाला आरजीबी आणि दुसऱ्याला वायसीबीसीआर असा रंगपद्धतीचा गोंधळ असतो. जुन्या डीव्हीआय मॉनिटरला बॉक्स जोडल्यावर हे हमखास होतं. बॉक्सचं आउटपुट आरजीबीवर टाका.

आणि नवी केबल घेण्याआधी एक काम फुकटात करा. कित्येक टीव्हींमध्ये एचडीएमआय पोर्ट मुळात कमी वेगावर ठेवलेला असतो. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘एचडीएमआय डीप कलर’, सोनीमध्ये ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ खाली ‘एन्हान्स्ड’; ज्या पोर्टला बॉक्स जोडलाय त्याच पोर्टसाठी ते सुरू करा. एचडीआर येत नाही म्हणून केबल परत करायला निघालेल्यांपैकी अनेकांचं काम इथेच होतं. शिवाय सगळे पोर्ट सारखे नसतात. चारपैकी दोनच पोर्ट पूर्ण वेगाचे असलेले टीव्ही सर्रास मिळतात. पोर्टशेजारी ‘४के १२०’ किंवा तत्सम छापलेलं असतं, मोबाइलचा दिवा मारून वाचा.

ऑप्टिकल केबल हा या सगळ्यातला सर्वांत समाधान देणारा माल. चार वेगवान वाहिन्या प्रकाशातून जातात, त्यामुळे १५-२० मीटरवरही ताकद घटत नाही, आणि तार शेवयांसारखी बारीक. पथ्यं तीन. तिला दिशा असते: एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं, उलटी लावली तर काहीच दिसत नाही. भिंतीत घालून प्लास्टर झाल्यावर हे कळणं महाग पडतं, म्हणून आधी जमिनीवर पसरून चालवून बघा. दुसरं, टोकांमधल्या चिपांना वीज सोर्सच्या ५ व्होल्टमधून मिळते. नियमाने सोर्सने किमान ५५ मिलिॲम्पिअर द्यायचे असतात आणि काही बॉक्स त्याहून फार जास्त देत नाहीत. कधी चित्र येतं, कधी नाही, असं झालं तर यूएसबीने वेगळी वीज घेणारी केबल निवडा. तिसरं, पाइप. इलेक्ट्रिशियन सवयीने २५ मिमीचा पाइप टाकतो. त्यातून एचडीएमआयचा प्लग सरळ भागात कसाबसा सरकतो आणि बेंडला अडकतो. सुटं डोकं असलेली, आत छोटा प्लग असलेली केबल घ्या किंवा पाइप मोठा टाकायला सांगा. आणि पाइपमध्ये ओढायची दोरी कायमची सोडून ठेवा. केबल बदलते, भिंत राहते.

आता एचडीसीपी. लोक ज्याला ‘केबल खराब’ म्हणतात त्यातलं बरंच याचं असतं.

ही इंटेलने बनवलेली कॉपी-संरक्षण पद्धत, पहिली आवृत्ती २००० सालची. बॉक्स टीव्हीला चित्र देण्याआधी विचारतो, ‘तू अधिकृत आहेस का?’ जुन्या १.x पद्धतीत प्रत्येक उपकरणात ५६ बिटांच्या ४० गुप्त किल्ल्या आणि ४० बिटांचा एक ओळख क्रमांक असतो. त्या क्रमांकात नेमके २० एक आणि २० शून्य असावे लागतात. दोन्ही बाजू एकमेकांचा क्रमांक घेऊन आपापल्या किल्ल्यांची बेरीज करतात. उत्तर सारखं आलं तर दार उघडतं. सप्टेंबर २०१० मध्ये या पद्धतीची मूळ किल्लीच इंटरनेटवर आली आणि ती खरी असल्याचं इंटेलनेही मान्य केलं. २.x पद्धत मात्र त्याआधीच, २००८ मध्ये, मुळापासून वेगळी रचली गेली होती. तिच्यात १२८ बिटांचं एईएस कूटलेखन आहे, आणि एक अंतर-तपासणी: टीव्हीचं उत्तर २० मिलिसेकंदांत परत आलं पाहिजे. म्हणजे ‘टीव्ही’ इंटरनेटपलीकडे दुसऱ्या गावात बसलेला नाही याची खातरी.

व्यवहारात याचा अर्थ असा. ४के सिनेमावर ‘टाइप १’ शिक्का असेल, तर साखळीतलं प्रत्येक उपकरण एचडीसीपी २.२ किंवा पुढचं हवं. टीव्ही नवा, बॉक्स नवा, पण मध्ये २०१२ चा ॲम्प्लिफायर असेल, तर तो १.४ वरच अडकलेला. मग ॲप १०८०पी वर उतरतं किंवा पडदा काळा करून सूचना दाखवतं. अशा वेळी ॲम्प्लिफायर फेकू नका. बॉक्स थेट टीव्हीला जोडा आणि टीव्हीतून आवाज एआरसीने (एचडीएमआयवरूनच आवाज उलटा पाठवायची सोय) ॲम्प्लिफायरला द्या. चित्र त्याच्यातून गेलंच नाही, तर त्याची ओळखपरेड होण्याचा प्रश्नच नाही.

ही सगळी बोलणी डीडीसी नावाच्या संथ जोडीवरून होतात, प्लगमधल्या १५ आणि १६ क्रमांकाच्या पिनांवर. तिथे केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) ७०० पिकोफॅरडच्या आत हवी. लांब, स्वस्त केबलमध्ये ती वाढते, आणि मग विचित्र प्रकार होतो: लॅपटॉपचा डेस्कटॉप झकास दिसतो, सिनेमा लावला की काळोख. वेगवान वाहिन्या ठणठणीत, कुजबुजीची तार आजारी. म्हणून लांब केबल तपासताना नुसता डेस्कटॉप किंवा यूट्यूब बघू नका, संरक्षण असलेलं काहीतरी लावून बघा.

फोनचं दुखणं निराळं. यूएसबी-सी ते एचडीएमआय ॲडॉप्टर लावूनही काही येत नाही, तेव्हा बहुतेकदा फोनच त्या पोर्टमधून चित्र देत नसतो. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये यूएसबी-सी फक्त चार्जिंग आणि फायलींपुरती असते. फोनच्या माहितीत ‘डिस्प्लेपोर्ट’ शब्द असेल तरच ॲडॉप्टर घ्या.

स्प्लिटरबद्दल सगळ्यात जास्त तक्रारी असतात आणि त्या रास्त आहेत. प्रत्येक टीव्हीत ईडीआयडी नावाची पत्रिका असते: मला इतके ठिपके, इतका फ्रेमरेट, असा आवाज चालतो. बॉक्स ती वाचून सिग्नल ठरवतो. स्प्लिटरला दोन टीव्ही जोडले की दोन पत्रिका होतात, आणि साधा स्प्लिटर दोघांत जे जुळतं तेवढंच पुढे सांगतो, किंवा पहिल्या पोर्टचीच पत्रिका दोघांच्या नावावर खपवतो. हॉलमध्ये ४के टीव्ही, बेडरूममध्ये जुना १०८०पी. झालं, दोन्हीकडे १०८०पी. आवाजाचंही तसंच: एक टीव्ही फक्त स्टिरिओ समजत असेल तर हॉलमधल्या साउंडबारचा ५.१ सराउंड आवाज गेला. आउटपुटवर डाउनस्केलर असलेला आणि ईडीआयडी निवडायचे बारीक स्विच असलेला स्प्लिटर घ्या. महाग असतो, पण तोच खरा. काही भंगार स्प्लिटर एचडीसीपी काढून टाकतात म्हणून त्यांची कानोकानी ख्याती आहे. त्या वाटेला जाऊ नये. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये घातलेल्या कलम ६५-अ खाली हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे.

स्विच म्हणजे तीन बॉक्स, एक टीव्ही. तो स्प्लिटरपेक्षा कितीतरी सरळ. तक्रार एकच: आपोआप बदलणारे स्विच ५ व्होल्ट बघून ठरवतात. स्टँडबायमध्ये गेलेला सेट-टॉप बॉक्सही ते ५ व्होल्ट देत राहतो आणि स्विचला वाटतं तो जागा आहे. रिमोट किंवा बटण असलेलाच घ्या. बदलताना दोन-चार सेकंद काळोख होणारच. नवी ओळखपरेड चालू असते.

व्हीजीए कन्व्हर्टर: अंगावर यूएसबीचं बारीक सॉकेट असेल तर तिथे वीज द्याच, त्या ५५ मिलिॲम्पिअरवर तो टिकेल याचा भरवसा नाही. आवाजासाठी ३.५ मिमीचा जॅक असलेला बघा. डीटीएच बॉक्स लावल्यावर एचडीसीपीची सूचना आली तर कन्व्हर्टर बिघडलेला नाही. तो ओळखपत्रच दाखवत नाही, एवढंच.

बिघाड शोधायचा क्रम असा. मधलं सगळं काढा, एक मीटरची केबल लावून बॉक्स थेट टीव्हीला जोडा. चाललं, तर एकेक वस्तू परत घाला. जिच्यामुळे बंद पडेल ती दोषी. थेट जोडूनही नाही चाललं, तर आउटपुट १०८०पी वर आणा: आता चित्र आलं तर वेग किंवा टीव्हीचं पोर्ट-सेटिंग, तरीही नाही आलं तर दुसरा पोर्ट. वीज जाऊन आल्यावर चित्र धूसर दिसत असेल, तर बॉक्स टीव्हीच्या आधी जागा झाला आणि पत्रिका न वाचताच कमी ठिपक्यांच्या ५७६पी वर बसला असं समजा. आधी टीव्ही, मग बॉक्स, या क्रमाने पुन्हा सुरू करा.

आणि प्लग काढता-घालताना दोन्हीकडची मेन बटणं बंद ठेवा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत अर्थिंग नावालाच असतं. दोन पिनांच्या अडॉप्टरमधून झिरपणारी वीज आणि गच्चीवरून आलेली डिशची तार यांच्यात फरक पडला की बोटाला मुंग्या येतात. तोच झटका एचडीएमआयच्या चिपला बसला तर पोर्ट जातो, आणि पोर्ट गेला म्हणजे मदरबोर्डचा खर्च.